आउटडेटेड म्हणे!

गेल्या चार वीकेंडांत मिळून मी 'ड्रॅगन क्वेस्ट ११' साधारण पंधरा तास खेळले आहे. गेम संपायला याच्या चौपट तरी वेळ लागतो म्हणे, त्यामुळे हे परीक्षण-बिरीक्षण नाही. पहिल्या पंधरा तासांत जे वाटलं तेवढंच. आणि खरं सांगायचं तर गेमबद्दल जे वाटलं त्यापेक्षा लोक या गेमबद्दल जे बोलतात त्याबद्दल जास्त वाटलं, म्हणून हा प्रपंच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ड्रॅगन क्वेस्ट ही जपानमधली रोल-प्लेइंग गेम्सची मालिका. पहिला भाग २७ मे १९८६ ला आला. अकरावा जपानमध्ये जुलै २०१७ ला आणि बाकीच्या जगात सप्टेंबर २०१८ ला. मी खेळतेय ती नंतर आलेली वाढीव आवृत्ती, जिच्या नावापुढे 'एस' लावलाय. गोष्ट ओळखीची: एक खेडं, एक मुलगा, एक भविष्यवाणी. मुलगा सोळा वर्षांचा होतो, गावाबाहेर पडतो, राजाला भेटायला जातो आणि राजा 'ये बाळा, बस' म्हणायच्या ऐवजी त्याला तुरुंगात टाकतो. तुरुंगात निळ्या केसांचा एक चोर भेटतो, एरिक. दोघं पळतात. पुढे एकेक करत टोळकं जमत जातं. वाटेत राक्षस भेटतात आणि लढाई होते ती अशी: तुमचा डाव, मग त्यांचा डाव. मेनूत मोजके पर्याय. हल्ला, मंत्र, बचाव, पिशवीतली वस्तू किंवा सरळ पळ. निवडा, काय होतं ते बघा, पुन्हा निवडा.

मागच्या शनिवारी एक मित्र घरी आला होता. त्याने मागे उभं राहून दोन लढाया बघितल्या आणि म्हणाला, "अगं, हा गेम आहे की इन्कम टॅक्सचा फॉर्म? ड्रॉपडाउनमधून निवडायचं आणि सबमिट मारायचं!" विनोद म्हणून झकास आहे, मीही हसले. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "पण खरंच, २०१७ मध्ये टर्न-बेस्ड? हे फारच आउटडेटेड आहे यार."

इथे मात्र माझी सटकली. कारण हे एकट्या त्याचं मत नाही. हा गेम घ्यायच्या आधी मी ज्या चार-पाच जणांना विचारलं त्या सगळ्यांनी हाच शब्द वापरला. आणि त्यातल्या एकानेही तो दोन तासांच्या वर खेळलेला नव्हता!

आता 'आउटडेटेड' या शब्दाकडे जरा नीट बघा. आवडला नाही, कंटाळा आला, माझा प्रकार नाही, असं कुणी म्हणालं तर माझं काही म्हणणं नाही. मलाही कारल्याची भाजी आवडत नाही. पण कारलं आउटडेटेड आहे असं मी म्हणत नाही. आउटडेटेड म्हणजे याची पुढची आवृत्ती आलेली आहे आणि हे ज्या अडचणीपोटी असं होतं ती अडचण आता उरलेली नाही. म्हणजे दावा असा, की १९८६ साली मशिनं गरीब होती, म्हणून बिचाऱ्यांना डाव-डाव खेळावं लागलं. आज ग्राफिक्स कार्ड दणकट आहेत, तर धावत-पळत तलवार फिरवू द्या की. हा चवीचा प्रश्न नाही, हा इतिहासाबद्दलचा दावा आहे. आणि तो साफ चूक आहे.

ज्या निन्टेंडो फॅमिकॉमवर पहिला ड्रॅगन क्वेस्ट आला, त्याच फॅमिकॉमवर सप्टेंबर १९८५ ला सुपर मारिओ आला होता. धावणं, उड्या मारणं, सगळं जिथल्या तिथे, बटण दाबल्याच्या क्षणी. फेब्रुवारी १९८६ ला त्याच फॅमिकॉमच्या डिस्क जोडणीवर 'झेल्डा' आला. त्यात तलवार होती, गुहा होत्या, राक्षस होते आणि लढाई तिथल्या तिथे, रिअल टाइम. म्हणजे ड्रॅगन क्वेस्टच्या तीन महिने आधी. तेव्हा मशिनला जमत नव्हतं हे कारण बादच होतं. यूजी होरी आणि कोइची नाकामुरा या जोडगोळीला हवं असतं तर त्यांनीही तसाच गेम केला असता. त्यांनी केला नाही. त्यांनी अमेरिकन कॉम्प्युटरांवरचे 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' समोर ठेवले. दोन्हीही १९८१ चे, दोन्हीही कीबोर्डवर खेळायचे आणि नवख्या माणसाला घाम फोडणारे. हे प्रकरण शाळकरी पोरांच्या हातातल्या, चार बाणांच्या आणि दोन बटणांच्या कंट्रोलरवर कसं आणायचं हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. मेनू हे त्याचं उत्तर होतं. होरींनी त्याआधी 'पोर्टोपिया' नावाचा एक खुनाच्या तपासाचा गेम केला होता. १९८३ साली कॉम्प्युटरवर तो खेळताना आज्ञा टाईप करायला लागायच्या. १९८५ साली तो फॅमिकॉमवर आणताना त्यांनी टायपिंग काढून आज्ञांची यादीच समोर ठेवली. त्या काळात ती यादी ही नवी गोष्ट होती. आज ज्याला आपण 'फॉर्म भरणं' म्हणून हसतो, तो त्या वेळचा यूजर इंटरफेसमधला चांगला तोडगा होता.

बरं, मशिनच्या मर्यादा नव्हत्या का? भरपूर होत्या. अख्खा गेम ६४ किलोबाइट्समध्ये होता. आज फोनवरून पाठवलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट असतो. जपानी कटाकाना लिपीतली सगळी अक्षरं ठेवायला जागा पुरेना, म्हणून निवडक अक्षरं घेतली आणि नावं त्या अक्षरांत बसतील अशी ठेवली. पात्रांची चित्रं फक्त समोरून काढलेली, त्यामुळे तुमचा हीरो उत्तरेकडे चालला तरी तोंड तुमच्याकडेच, आणि कुणाशी बोलायचं असेल तर आधी 'बोला' निवडायचं, मग दिशा निवडायची: पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर! गेम सेव्ह करायची सोय नव्हती. राजाकडे गेलं की तो हिरागाना लिपीतला वीस अक्षरांचा एक मंत्र द्यायचा, ५-७-५-३ अशा मांडणीत. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की गेलं.

आता गंमत बघा. ही एकेक मर्यादा मशिन सुधारताच गळून पडली. १९८९ साली अमेरिकेत हाच गेम आला तेव्हा हीरो चारही बाजूंना तोंड वळवू लागला आणि कार्ट्रिजमध्ये बॅटरी आली, मंत्र गेला. जपानमध्ये तिसऱ्या भागापासून, म्हणजे १९८८ पासूनच बॅटरी होती. नंतर थ्री-डी आलं, आवाज आले, अकराव्या भागात तर मोकळ्या मैदानात राक्षस आधीच फिरताना दिसतात, नको असेल तर वळसा घालून जाता येतं. म्हणजे जे नाइलाजाने केलं होतं ते सगळं या लोकांनी टाकून दिलं. आणि डाव-डाव लढाई मात्र ठेवली. मर्यादा कुठली आणि निर्णय कुठला, हे यापेक्षा स्वच्छ कसं दाखवायचं? आपण डिबगिंग करताना हेच करतो ना? एकेक गोष्ट बदलून बघायची, जे टिकतं ते काय आहे ते शोधायचं.

बरं, या कंपनीने स्वतः प्रयत्न केला नाही असंही नाही. डिसेंबर २००६ मध्ये नवव्या भागाची घोषणा झाली तेव्हा त्यात धावती, अ‍ॅक्शन पद्धतीची लढाई दाखवली होती. जपानमधले खेळाडू इतके भडकले की कंपनीने ती काढून पुन्हा मेनू आणला. जुलै २००९ मध्ये तो गेम बाजारात आला आणि एकट्या जपानमध्ये त्याच्या चाळीस लाखांवर प्रती गेल्या. म्हणजे जुनं चालू ठेवलं ते आळसाने नाही. नवं करून बघितलं, लोकांसमोर ठेवलं आणि मग परत फिरले. आपल्याकडे किती प्रॉडक्ट मॅनेजर एवढा रोलबॅक करतील? एका बँकेच्या अ‍ॅपने गेल्या वर्षी 'पैसे पाठवा'चं बटण उचलून तीन स्क्रीन आत नेऊन ठेवलं. आई अजून मला फोन करून विचारते, "ते कुठे गेलं गं?" त्याला म्हणायचं अपडेटेड!

मूळ घोळ असा आहे, की आपण सगळ्या गोष्टींना व्हर्जन नंबर लावतो. टर्न-बेस्ड म्हणजे १.०, रिअल टाइम म्हणजे २.०. आणि मग १.० वर असणारा तो मागासलेला. पण डाव-डाव हा नियम आहे. नियमाला व्हर्जन नसते. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. त्यात एकही माणूस असं म्हणाला नाही, की इतकी शतकं झाली, अजून घोडा अडीच घरंच कसा चालतो? उंट जरा पळू द्या की! कॅरम, रमी, सारीपाट, सगळं डाव-डाव आहे. क्रिकेटसुद्धा चेंडू-चेंडूने चालतं आणि मधल्या अर्ध्या मिनिटात फिल्डिंग बदलण्यावरून आपण तासभर भांडू शकतो. फक्त पडद्यावर आलं की त्याच गोष्टीचं आपल्याला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. (या मालिकेचे संगीतकार कोइची सुगियामा एनिक्स कंपनीकडे आले ते कसे ठाऊक आहे? कंपनीच्या शोगी गेमवर, म्हणजे जपानी बुद्धिबळावर, अभिप्रायाचं कार्ड पाठवून! पन्नाशी ओलांडलेला माणूस, कॉम्प्युटरवर शोगी खेळत बसायचा.)

असं का वाटतं याचं एक कारण आपल्या लहानपणात आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जो 'टीव्ही व्हिडिओ गेम' होता तो म्हणजे याच फॅमिकॉमची नक्कल. पिवळी कार्ट्रिजं, वर '९९९९ इन १' असं लिहिलेलं, आत खरे गेम्स मोजून दहा. काँट्रा, मारिओ, रणगाड्यांचा एक, बदकं मारायचा एक. हे सगळे बटणबडवे. जपानी पोरांनी त्याच मशिनवर वहीत मंत्र उतरवून घेत जे खेळलं ते आपल्यापर्यंत आलंच नाही. यायचं कसं? त्यात वाचायला लागतं आणि ते सगळं जपानीत. मग कॉलेजात लॅनवर काउंटर-स्ट्राइक, मग फोनवर पब्जी, २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्यावर बंदी आल्यावर वर्षभराने बीजीएमआय. म्हणजे गेम म्हणजे बोटांची चपळाई हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याला माझी हरकत नाही, मीही काँट्रावरच वाढलेय. हरकत आहे ती आपल्याला जे उशिरा भेटलं त्याला 'जुनं' म्हणण्याला.

आता मुद्द्याचं. हा वाद मला नुसता चवीचा का वाटत नाही?

डाव-डाव गेममध्ये एक गोष्ट असते जी बाकी कशातच नसते. तो थांबतो. पॉज बटण दाबून नाही, आपणहून थांबतो. समोर ड्रॅगन तोंड उघडून उभा आहे आणि तो तुमची वाट बघतोय. कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठा, गॅस बंद करा, या. अमेरिकेतून कॉल आला, घ्या. ड्रॅगन आहे तिथेच आहे.

तुम्ही म्हणाल सोय आहे, ठीक आहे, त्यात एवढं काय? आहे. माझं उजवं मनगट गेली तीन वर्षं दुखतं. आमच्या धंद्यातला आजार, कुणाला नवल नाही. ज्या गेममध्ये एका सेकंदात चार बटणं दाबायची असतात तो मी दहा मिनिटं खेळू शकते, मग पट्टा बांधून बसावं लागतं. ड्रॅगन क्वेस्ट मी डाव्या हाताने, हळूहळू, चहा पीत खेळते. मागच्या रविवारी आई शेजारी बसली होती. तिने जन्मात कंट्रोलर हातात धरलेला नाही. अर्ध्या तासाने ती सांगायला लागली, "अगं त्या पोराला आधी बरं कर, मग मार." आणि बरोबर होतं तिचं! एरिकची तब्येत तोळामासा झाली होती, मी हल्ल्याच्या नादात होते. कुठल्या अ‍ॅक्शन गेममध्ये माझी आई माझ्याबरोबर खेळू शकली असती? ती "अगं" म्हणेपर्यंत आम्ही मेलो असतो.

म्हणजे हे दार ज्यांच्यासाठी उघडं आहे ते लोक बघा. हात थरथरणारे, दुखणारे, एका हाताने खेळणारे, दिसायला कमी असलेले, साठीच्या पुढचे, कडेवर पोर असलेले. होरींचा सुरुवातीपासूनचा हिशोबच तो आहे: हात चालत नसले तरी चालेल, जमत नसेल तर आणखी चार लढाया करा, पात्रं बळकट होतील, मग जमेल. चिकाटीने कुणीही शेवटापर्यंत पोचेल. आणि हरलात तर? पहिल्या भागातच नियम होता, की मेलात तर अर्धे पैसे जातात, पण अनुभव जात नाही. शिकलेलं शिकलेलंच राहतं. चौथीतल्या मुलाला कळेल असा नियम आणि काय विचार करून केलेला! हे सगळं 'आउटडेटेड' म्हणून काढून टाकायचं आणि तिथे काय ठेवायचं? एका सेकंदाच्या आत बरोबर बटण दाबणाऱ्या विशीतल्या पोरांसाठी आणखी एक गेम. तसले गेम कमी आहेत का?

"पण ग्राइंड किती आहे त्यात!" हा पुढचा आक्षेप. ग्राइंड म्हणजे ताकद वाढवायला त्याच त्या लढाया करत बसणं. पंधरा तासांत मला एकदाही मुद्दाम थांबून असं करावं लागलेलं नाही हे आधी नोंदवते. उलट गेम जरा जास्तच सोपा आहे. पण समजा पुढे करावं लागलं. हा आक्षेप कोण घेतंय? जे रोज सकाळी फोन उघडून कुठल्यातरी गेममध्ये 'डेली रिवॉर्ड' घेतात ते! चुकलं तर सलग दिवसांची साखळी तुटते म्हणून लग्नाच्या मांडवात लॉग-इन करणारी माणसं मी बघितली आहेत. तो ग्राइंड कधी संपत नाही, कारण संपला तर कंपनीचा धंदा संपेल. ड्रॅगन क्वेस्ट एकदा पैसे घेतो, त्याला शेवट आहे, आणि मी दोन आठवडे आले नाही तरी तो मला नोटिफिकेशन पाठवत नाही. 'माझ्या वेळेची किंमत नाही या गेमला' असं म्हणताना जरा कुठला गेम तुमच्या वेळेवर जगतोय ते बघा.

राहिलं 'स्लो'. हो, आहे स्लो. पहिला तास तर गावातच जातो. डोंगरावर चढायचं, मैत्रिणीशी बोलायचं, कुत्रा, विहीर, शेजारीपाजारी. प्रत्येकाशी बोलता येतं आणि प्रत्येकजण एक-दोन साधी वाक्यं बोलतो. पहिल्या इम्प्रेशनवाले इथेच सोडून देतात. त्यांचं नुकसान. (यापुढच्या पाच-सहा ओळींत रसभंग आहे, नको असेल तर पुढच्या परिच्छेदावर जा.) कारण काही तासांनी तुम्ही राजाच्या तुरुंगातून निसटून त्याच गावात परत येता. गाव जागेवर नाही. म्हणजे जागा आहे, विहिरीचं ठिकाण आहे, पायवाट तीच आहे, पण घरं जळलेली आणि माणूस एकही नाही. गेम मोठमोठ्याने रडवत नाही. तो नुसता तुम्हाला त्या पायवाटेने चालू देतो आणि तुमच्या लक्षात येतं, की कुठल्या घरात कोण राहायचं ते तुम्हाला पाठ आहे. ते पाठ कधी झालं? त्या 'स्लो' पहिल्या तासात. तो तास कापला असता तर ही राख म्हणजे नुसतं ग्राफिक्स होतं.

आता सगळं गोडच आहे असं नाही. दोन-तीन गोष्टी खटकल्या आणि त्यातली पहिली तर माझ्याच बाजूची आहे.

लढाईत कॅमेऱ्याचे दोन पर्याय आहेत. एक नेहमीचा. दुसऱ्यात तुम्ही लढाई चालू असताना आपला माणूस मैदानात इकडेतिकडे फिरवू शकता. छान वाटतं ना? पण त्याचा परिणाम शून्य! राक्षसाच्या मागे जाऊन उभे राहा, दूर झाडाखाली जा, तरी फटका बसायचा तो बसतोच. हे फिरणं कशासाठी आहे? माझ्या मते टीकेच्या धास्तीने. 'बघा बघा, आम्हीही मॉडर्न आहोत' असं म्हणण्यासाठी. जो गेम बाकी सगळीकडे ताठ मानेने जुना आहे तो इथे उगीच ओशाळतो. मी पहिल्या तासातच ते बंद केलं.

दुसरं, आपला हीरो बोलत नाही. ही मालिकेची जुनी चाल आहे, हीरो म्हणजे तुम्ही, म्हणून त्याला आवाज नाही. मेनू आणि अक्षरं होती तोवर ते ठीक होतं. पण आता बाकी सगळे आवाजात बोलतात, रडतात, ओरडतात आणि हा मध्ये मान डोलावत उभा. गाव जळालेलं बघूनही चेहरा साधारण तोच. हा मात्र मला निर्णय न वाटता सवय वाटते. जुन्याची बाजू घेते म्हणून प्रत्येक जुन्या गोष्टीची घेईन असं नाही. ते मधूनच येणारे बायकांबद्दलचे चावट विनोदही १९८६ मध्येच सोडून आले असते तर बिघडलं नसतं.

तिसरं, सोपेपणा. त्यावर इलाज आहे पण तो गेम सुरू करतानाच निवडावा लागतो. 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' नावाची एक यादी येते: राक्षस जास्त ताकदवान, चिलखत घालायला बंदी, दुकानात खरेदी बंद, वगैरे. त्यात एक अट अशी आहे, की हीरोला अधूनमधून उगाच लाज वाटते आणि त्याचा डाव वाया जातो! नवीन सुरू करणार असाल तर किमान 'ताकदवान राक्षस' घ्या. नंतर काढता येतं, नंतर घालता येत नाही.

आणि सुगियामांबद्दल एक. त्यांचं संगीत या गेमचा अर्धा जीव आहे, 'एस' आवृत्तीत तर ते ऑर्केस्ट्राने वाजवलंय. पण याच माणसाने दुसऱ्या महायुद्धातले जपानी सैन्याचे अत्याचार नाकारणाऱ्यांच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली होती. २०२१ साली ते गेले. सुरुवातीची ती तुतारी वाजते तेव्हा मला दोन्ही आठवतं. याचं काय करायचं ते मला सांगता येत नाही, पण लपवण्यात अर्थ नाही.

चित्रांबद्दल बोलायला मात्र काहीच नको. अकिरा तोरियामा. कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी बघत वाढलेल्यांना एरिकच्या केसांकडे बघूनच कळेल. २०२४ च्या मार्चमध्ये तेही गेले. होरींनी स्लाइमचं म्हणून जे चित्र दिलं होतं तो चिखलाचा गोळा होता, तोरियामांनी त्याचा हसरा निळा थेंब केला, आणि तो थेंब अजून पहिल्याच रस्त्यावर पहिल्याच लढाईत उड्या मारत समोर येतो.

इंग्रजी भाषांतराची एक जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. हॉट्टो नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. तिथले लोक, अगदी दुकानदारसुद्धा, हायकूमध्ये बोलतात. पाच-सात-पाच. औषधी पाला विकतानाही! मराठीत हायकू म्हटलं की शिरीष पै आठवतात, आणि त्या दुकानदारासमोर उभी असताना मला खरंच त्यांची आठवण आली. अशा जागी घाई करून कसं चालेल?

हे सगळं इतकं तावातावाने सांगायचं कारण, हा शब्द कंपनीपर्यंत पोचतोय. मालिकेची सख्खी स्पर्धक 'फायनल फँटसी' सोळाव्या भागात, २०२३ साली, डाव-डाव पूर्ण सोडून तलवारबाजीत गेली. २०२१ च्या मे महिन्यात बाराव्या ड्रॅगन क्वेस्टची घोषणा करताना खुद्द होरींनी सांगितलं, की मेनूवाली लढाई काढणार नाही, पण बदलणार. कशी ते सांगितलं नाही. आणि गंमत म्हणजे बाहेरचं जग उलट्या दिशेने निघालंय. २०२३ चा सगळ्यात नावाजलेला गेम 'बाल्डर्स गेट ३', डाव-डाव. २०२५ मध्ये एका फ्रेंच कंपनीचा 'क्लेअर ऑब्स्क्युअर' गाजला, तोही डाव-डाव, आणि त्याच्या करणाऱ्यांनी प्रेरणा म्हणून जपानी गेम्सकडेच बोट दाखवलं. (त्यात मात्र शत्रूचा वार अडवायला नेमक्या क्षणी बटण दाबावं लागतं. माझ्या मनगटाचा पुन्हा प्रश्न.) ज्यांच्याकडून लोक शिकले त्यांनीच आता ओशाळून वही मिटू नये, एवढीच इच्छा.

असो. माझा मुक्काम सध्या गॅलोपोलिस नावाच्या वाळवंटातल्या शहरात आहे. तिथल्या राजपुत्राची घोड्यांची शर्यत आहे, त्याला घोडा नीट चालवता येत नाही आणि ते बापाला सांगायची हिंमत नाही, म्हणून त्याचं चिलखत घालून मला धावायचंय. आणि ही शर्यत म्हणजे डाव-डाव नाही, चक्क रिअल टाइम! दोनदा कडेला जाऊन आपटले. आईला म्हटलं, तू बघ ना जरा, तर म्हणाली, "मला नाही जमायचं बाई, हा थांबतच नाही."